प्राणिसंग्रहालय, दोन लहान मुलं, एकच दिवस: काय बघायचं आणि काय सोडायचं?

दोनपिल्ली
मंडळी, मदत हवी आहे. एक मूल दोन वर्षांचं, एक पाच वर्षांचं, सोबत दोन मोठी माणसं आणि गुडघे कुरकुरणारी एक आजी. प्राणिसंग्रहालय मोठं आहे, नकाशावरचा पूर्ण फेरा चार किलोमीटरच्या आसपास भरतो. पाच वर्षांच्या व्यक्तीची यादी तयार आहे: वाघ, हत्ती, जिराफ, साप, माकड, पाणघोडा आणि डायनासोर. दोन वर्षांच्या व्यक्तीने अजून मत दिलेलं नाही.

सगळं एका दिवसात उरकेल का? सुरुवात कुठून करायची? बाबागाडी न्यावी की पाठीवरची झोळी? आणि दोन वर्षांच्या मुलाला यातलं काही कळतं का, की त्याला घरीच ठेवावं?

"प्लॅन कशाला, मजा करा" हा सल्ला आधीच मिळाला आहे. तो सोडून बाकीचे चालतील.

नकाशेवाला
उरकणार नाही. उरकायला जाऊही नका.

हिशोब करा. दोन वर्षांचं मूल स्वतःच्या पायाने चालायला लागलं की तासाभरात एक किलोमीटरही पुढे सरकत नाही. त्याला चालता येत नाही असं नाही, पण ते वाटेतला प्रत्येक खडा तपासून बघतं. पाच वर्षांचं मूल एका पिंजऱ्यापाशी तीन-चार मिनिटं थांबतं, प्राणी काही करत असेल तर पंधरा. दोन्ही मुलांची मिळून शौचालयाची एक खेप म्हणजे किमान पंधरा मिनिटं, आणि अशा तीन खेपा होतातच. खाणं पाऊण तास. दार उघडल्यापासून धाकट्याच्या दुपारच्या झोपेपर्यंत चार तास धरले, तर हातात राहतात ते अडीच. त्यात सहा ते आठ प्राणी नीट बघून होतात. तुमच्या यादीत सात आहेत, म्हणजे यादी बरोबर आहे, नकाशा चूक आहे.

नकाशा आदल्या रात्री घेऊन बसा आणि त्यावर प्राण्यांच्या आधी शौचालयं, पिण्याचं पाणी आणि सावलीतली बाकं यांवर खुणा करा. मग यादीतले प्राणी. दार उघडल्या उघडल्या बहुतेक लोक पहिल्या दोन-तीन पिंजऱ्यांपाशी गर्दी करतात. तुम्ही न थांबता सरळ टोकाला जा आणि बघत बघत दाराकडे परत या. पाय ताजे असताना लांबचं, दमल्यावर जवळचं. उलट केलंत तर दोन वाजता रडणारं मूल आणि फाटक यांच्यामध्ये दीड किलोमीटर असेल.

खारूताई
नकाशेवाला +१. फक्त त्या अडीच तासांतला अर्धा तास मुंग्या, कबुतरं आणि पाण्याचा नळ यांच्या नावावर टाका. धाकट्यांचं प्राणिसंग्रहालय तेच असतं.

पिंजऱ्यामागचा
टोकापासून सुरुवात ही पायांच्या दृष्टीने बरोबर आहे, पण प्राण्यांचं घड्याळ वेगळं चालतं. तेही बघा.

सकाळी प्राणी रात्रीच्या निवाऱ्यातून बाहेर सोडतात. मोकळ्या जागेत चारा, फळं, कधी वासाचं किंवा शोधायला लावणारं काही आधीच ठेवलेलं असतं. त्यामुळे पहिला दीड तास जवळजवळ सगळेच हालचालीत असतात. मार्जारकुळातले त्यानंतर आडवे होतात ते ऊन उतरेपर्यंत. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास विश्रांती घेतो. दुपारी एक वाजता तुम्हाला दिसेल तो गवतातला एक कान. म्हणून वाघ आधी. तो फाटकाजवळ असला तरी आधी, मग टोकाला जा.

साप मात्र दुपारसाठी राखून ठेवा. ते आत, ठरावीक तापमानात असतात, सकाळी आणि दुपारी फार फरक पडत नाही, आणि तुम्हाला आयती सावली मिळते. निशाचरांचं दालन असेल तर तेही दुपारीच. तिथे दिवे उलटे असतात, म्हणजे दिवसा अंधार आणि रात्री उजेड, त्यामुळे प्राणी दिवसा जागे सापडतात. फक्त आत शिरल्याबरोबर "काहीच नाही इथे" म्हणून बाहेर पडू नका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं तरी लागतात. मोबाइलचा उजेड पाडलात की ती दहा मिनिटं पुन्हा शून्यापासून, तुमची आणि शेजाऱ्यांचीही.

हत्ती कधीही चालतो. त्याला दिवसाला शंभर-दीडशे किलो खायचं असतं, त्यामुळे तो जेव्हा बघाल तेव्हा खातच असतो.

पाणघोड्यापाशी लोक हमखास चुकतात. पाण्यावर काही दिसत नाही म्हणून अर्ध्या मिनिटात निघून जातात. मोठा पाणघोडा साधारण तीन ते पाच मिनिटांनी श्वासासाठी वर येतो. मोठ्या मुलाला आकडे मोजायला लावा. आधी पाण्यावर दोन नाकपुड्या उघडतात, फुस्स करून फवारा उडतो, मग कान वर येतात आणि पंख्यासारखे फिरून पाणी झटकतात. हे सगळं दोन सेकंदांत होतं, नजर तिथेच हवी.

आणि शेवटची सूचना: बंद होण्याच्या वेळेआधी तासभर बरेच प्राणी आत घेतात. फाटक उघडं असतं, तिकीट मिळतं, पिंजरे रिकामे असतात. मग अभिप्रायाच्या वहीत शेरे येतात.

नकाशेवाला
वाघाचं मान्य. म्हणजे वाघ, मग थेट टोक, मग परतीचा रस्ता, आणि साप दुपारी.

शिस्तप्रिय
माझं मत वेगळं आहे. दोन वर्षांच्या मुलाला घरी ठेवा. त्याची झोप, त्याचा डायपर, त्याचं खाणं यातच दिवस जातो आणि पाच वर्षांच्या मुलाला निम्मं बघायला मिळतं. मोठ्याचा दिवस मोठ्याला द्या. धाकट्याला तळ्यावरची बदकं पुरतात.

चष्मिष
शिस्तप्रिय, कळत नाही असं नसतं, बऱ्याचदा दिसतच नाही. कठडा साधारण एक मीटर उंच असतो आणि दोन वर्षांच्या मुलाची उंची ८५ सेंटीमीटरच्या आसपास. त्याच्यासमोर सिमेंट असतं. आपण वरून "वाघ बघ, वाघ बघ" म्हणत राहतो आणि ते आपल्या चपलेकडे बघत राहतं. प्रत्येक ठिकाणी एकदा उकिडवं बसून त्याच्या उंचीवरून काय दिसतं ते बघा. जमिनीपर्यंत काच असलेली जागा असेल तर तिथे पाच मिनिटं जास्त घालवा.

दुसरं, बोट दाखवून भागत नाही. लांबचं दाखवताना एवढं मूल तुमच्या बोटाच्या टोकाकडे बघतं. त्याच्या गालाला गाल लावा, हात त्याच्या खांद्यावरून सरळ पुढे धरा आणि मोठ्या खुणेकडून लहान खुणेकडे या: झाड, झाडाखाली दगड, दगडामागे शेपूट. शेपूट हलेपर्यंत थांबा. हललेलं आधी दिसतं.

धाकट्यासाठी मोठं, जवळ असलेलं आणि हलणारं निवडा. हत्ती, जिराफ, माकडं, पाणमांजर, बदकं. पानात दडलेला सरडा मोठ्याला द्या, त्याला शोधायला आवडेल.

खारूताई
आणि नावं पाठ करून घेऊ नका. "हा कोण?" पेक्षा "हा काय करतोय?" विचारा. जिराफ जीभ बाहेर काढून पान ओढतो, ती जीभ जवळजवळ अर्धा मीटर लांब आणि काळपट-जांभळी असते. एकदा दिसली की दोन्ही वयांची मुलं दिवसभर जीभ बाहेर काढून फिरतात. (मोठी माणसंही.)

उंटावरचा
डायनासोरचं कोणीच मनावर घेतलेलं दिसत नाही. यादीतला तो सगळ्यात सोपा प्राणी आहे. शहामृगाकडे न्या.

थट्टा नाही. पक्षी हे डायनासोरांच्याच एका शाखेचे वंशज आहेत. शहामृगाचा पाय दाखवा: खवल्यांसारखी कातडी, दोनच बोटं, त्यातल्या मोठ्यावर जाडजूड नख. कॅसोवरी (न उडणारा आणखी एक मोठा पक्षी) असेल तर फारच उत्तम, डोक्यावर शिरस्त्राण आणि पायाच्या आतल्या बोटाला सुरीसारखं लांब नख. पाच वर्षांच्या माणसाला "हे डायनासोरचे नातेवाईक, अजून अंडी घालतात" एवढं सांगा आणि मागे सरका. पुढचे प्रश्न आजीकडे वळवावेत.

दोनपिल्ली
उंटावरचा, हा प्रश्न सुटला. आजीला कळवलं आहे, त्यांनी शहामृगाचा अभ्यास सुरू केला आहे. बाबागाडीवर मात्र अजून कोणी बोललं नाही.

चाकंआणिझोळ्या
बाबागाडीवर सविस्तर.

दोन वर्षांचं मूल असेल तर न्या, ते चालू शकत असलं तरी. ती मुलासाठी कमी आणि सामान, झोप आणि परतीचा रस्ता यांसाठी जास्त लागते. मोठ्या चाकांची, मागे पूर्ण आडवी होणारी आणि एका हाताने मिटणारी असेल तर बरं. खडी आणि उतारावर पुढची छोटी फिरती चाकं अडकतात, तिथे त्यांचं फिरणं बंद करायची कळ असते ती लावा, गाडी सरळ जाते.

सगळ्यात जास्त घडणारा अपघात: जड पिशवी हँडलला टांगलेली असते, मुलाला उचलून बाहेर घेतलं की पुढचं वजन जातं आणि गाडी मागे उलटते. मूल वाचतं, गरम पेय हातात असलेला मागचा माणूस वाचत नाही. आणि मूल आत असतानाही उभ्या चढावर हेच होऊ शकतं. जड वस्तू खालच्या टोपलीत ठेवा, हँडलला फक्त टोपी. थांबलात की ब्रेक, सपाट जागेवरही.

झोपलेल्या मुलाच्या गाडीवर ऊन लागू नये म्हणून ओढणी किंवा दुपटं पूर्ण झाकून टाकू नका. आत हवा खेळत नाही आणि तापमान झपाट्याने चढतं, पातळ कापड असलं तरीही. छत्रीसारखं छप्पर लावा, समोरची बाजू उघडी ठेवा आणि गाडी सावलीत उभी करा. मानेमागे हात घालून बघा, घाम असेल तर थर कमी करा.

झोळी चढणाऱ्या पायऱ्यांसाठी, मोकळ्या पक्ष्यांच्या दालनासाठी आणि गर्दीच्या काचेसाठी चांगली. पण उन्हात पोटाशी बांधलेलं दोन वर्षांचं मूल म्हणजे दोघांनाही भट्टी. झोळी हलकी, घडीची घ्या आणि गाडीच्या टोपलीत टाका. दोन्ही न्या, एक वापरा.

पिंजऱ्यामागचा
वरच्याला जोडून: मोकळ्या पक्ष्यांच्या आणि फुलपाखरांच्या दालनाला दोन दारं असतात. पहिलं पूर्ण मिटेपर्यंत दुसरं उघडायचं नाही. गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून फोटो काढणारे लोक पाहिले की कीपर लोकांचा रक्तदाब वाढतो. बाहेर पडताना पिशव्या, टोप्या आणि गाडीचं छप्पर झटकून बघा, फुलपाखरं चिकटून येतात. या दालनात दमट हवा असते, चष्मा आणि कॅमेरा धुरकटतो, पाच मिनिटांनी आपोआप साफ होतो. पुसत बसू नका.

आणि दोन इशारे, हे फलकावर क्वचित लिहिलेले असतात. वाघ किंवा सिंह जाळीकडे पाठ करून उभा राहिला आणि शेपूट ताठ वर गेली, की बाजूला व्हा. तो हद्द आखतोय. मुताची धार मागे जाते, बऱ्यापैकी लांब जाते, आणि तो वास धुऊन एका दिवसात जात नाही. पाणघोडा पाण्याबाहेर येऊन पाठमोरा झाला आणि आखूड शेपूट गरागरा फिरवू लागला, तर तोही हद्दच आखतोय, फक्त साधन वेगळं आहे. पाच वर्षांच्या माणसाला हे दृश्य जन्मभर पुरतं, पण दहा पावलं मागून.

उंटावरचा
दिवसातला सर्वोत्तम प्राणी ठरला.

साबणपाणी
हात धुण्यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून.

शेळ्या-मेंढ्यांना हात लावायचा भाग बहुतेक ठिकाणी असतो आणि मुलांना तोच सगळ्यात जास्त आवडतो. धोकाही तिथेच असतो. निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या शेणात ई. कोलाय, साल्मोनेला आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा त्रास मोठ्यांपेक्षा गंभीर होऊ शकतो. जंतू केसांवर असतात तसेच कठड्यावर, दाराच्या कडीवर आणि बुटाच्या तळव्यावरही.

आत शिरण्यापूर्वी चोखणी, बाटली, खाऊ आणि खेळणं बाहेर ठेवा. बाबागाडीही बाहेर, नाहीतर चाकांबरोबर सगळं घरी येतं. आत काही खायचं नाही, तोंडात बोट नाही, जनावराचा पापा नाही. बाहेर आल्याबरोबर साबण आणि वाहतं पाणी, नखांच्या खाली आणि बोटांच्या बेचक्यांत, वीस सेकंद. सॅनिटायझर हा पर्याय नाही. माती-शेण लागलेल्या हातावर तो नीट काम करत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर तर करतच नाही. मोठ्यांनीही धुवा, मुलाला पुढचा घास तुम्हीच भरवणार आहात. सोबत कोणी गरोदर असेल तर नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या-शेळ्यांपासून त्या व्यक्तीने लांब राहावं.

साप किंवा कासव हाताळू देत असतील तर तोच नियम. पाच वर्षांखालच्या मुलाने सरपटणारे प्राणी हाताळू नयेत, बघावेत.

ऊन: सनस्क्रीन निघण्यापूर्वी पंधरा ते तीस मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहतो. तहान लागण्याची वाट बघू नका, दर पिंजऱ्यानंतर दोन घोट असा नियम ठेवा. लहान मूल अचानक शांत, लाल आणि घाम न येणारं झालं तर ते "दमलं" म्हणून सोडून देऊ नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच प्रथमोपचार केंद्र गाठा.

लेन्सकॅप
फोटोंचं थोडक्यात, कारण प्रत्येक घरात जाळीचे दोनशे फोटो पडून असतात.

जाळी: मोबाइलची लेन्स जाळीच्या भोकात बसवा. कॅमेरा असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, झूम पूर्ण, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं, आणि प्राणी जाळीपासून लांब असेल तेव्हाच काढा, म्हणजे जाळी विरघळते. उन्हात चमकणारी जाळी विरघळत नाही, सावलीतला भाग शोधा. बाहेर कठडा असेल आणि जाळी लांब असेल तर नाद सोडा, हात आत घालायचा नाही.

काच: लेन्स काचेला टेकवा, भोवती हाताचा कोष करा, फ्लॅश बंद. फ्लॅशने काचेत फक्त तुमचाच चेहरा येतो, शिवाय घुबड आणि माकडं दचकतात.

मुलं आणि प्राणी एकाच चौकटीत हवे असतील तर मुलाला पाठमोरं उभं करा. कॅमेऱ्याकडे बघून हसणाऱ्या मुलामागचा हत्ती कोणालाच आठवत नाही.

सुजाण
इतकं सविस्तर लिहिताय, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. मुलांना कैदेतले प्राणी दाखवावेतच का? एक अस्वल त्याच चार पावलांत मागे-पुढे फिरत राहतं, आणि आपण त्याला "बघ, कसं नाचतंय" म्हणतो.

पिंजऱ्यामागचा
सुजाण, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्याच वाटेने पुन्हा पुन्हा फिरणं, मान हलवत राहणं, केस उपटणं ही लक्षणं ताणाची किंवा कंटाळ्याची असतात आणि त्याला नाच म्हणणं चूकच. मुलाला सांगायचं तर सरळ सांगा: "त्याला काहीतरी करायला हवंय आणि मिळत नाहीये." पाच वर्षांच्या मुलाला हे समजतं. दाराजवळ खाण्याच्या वेळेच्या आधी थोडं फिरणं मात्र नेहमीचं असतं, घड्याळ बघून मत बनवा.

पण एकाच रंगाने रंगवू नका. अरबी ओरिक्स हे वाळवंटातलं हरणासारखं जनावर १९७२ साली रानातून संपलं. प्राणिसंग्रहालयांतल्या कळपातून पिल्लं वाढवून १९८२ साली ओमानमध्ये पुन्हा सोडलं. प्रझेवाल्स्कीचा घोडा ही रानटी घोड्याची जातही रानातून नाहीशी झाली होती, १९९२ पासून मंगोलियात परत सोडायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाचं काँडोर गिधाड १९८७ साली जगात फक्त २७ उरलं आणि ती सगळी बंदिवासात होती. आज ती पुन्हा रानात उडतात. हे पिंजऱ्यांशिवाय झालं नसतं. वाईट पिंजरे त्यामुळे चांगले ठरत नाहीत, हेही खरं.

जागा चांगली आहे की नाही हे ओळखायची एक खूण: प्राण्याला लोकांच्या नजरेआड जायला जागा आहे का? असेल तर तुम्हाला तो दिसला नाही तरी तक्रार करू नका.

शिस्तप्रिय
यावर वेगळा धागा काढा, इथे दुपारच्या झोपेचं बोलू. आणि धाकट्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण चष्मिष यांचा गालाला गाल लावायचा मुद्दा चांगला आहे.

खाऊचाडबा
खाण्याबद्दल: माकडांच्या विभागाजवळ पिशवी उघडू नका. मोकळी माकडं, कावळे किंवा समुद्रपक्षी जिथे असतील तिथे डबा हातातच घ्या, बाकावर ठेवू नका. लहान मुलाला चालता चालता खायला देऊ नका, गुदमरण्याची भीती असते. द्राक्षं उभी चार भागांत चिरून न्या. आणि आपल्यातलं काही प्राण्यांना टाकायचं नाही. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने २०१४ मध्ये माकडांची केळीसुद्धा बंद केली, कारण माणसांसाठी गोड केलेल्या फळांत त्यांना साखर फार होते. चिप्सच्या पुड्यांचं तर बोलायलाच नको, प्लास्टिक हरणाच्या पोटात अडकून राहतं.

कठड्यापलीकडे
सुरक्षेवर कोणीतरी बोलायला हवं.

मुलाला कठड्यावर बसवू नका, उभं करू नका, खांद्यावर घेऊन कठड्याबाहेर झुकू नका. जुन्या पद्धतीचे गज दिसायचे, त्यामुळे भीती वाटायची. १९०७ साली कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने जर्मनीत हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक वापरून प्राणिसंग्रहालय उघडलं आणि तीच पद्धत जगभर गेली. दिसायला सुंदर, पण मुलाच्या नजरेला मध्ये काहीच नसतं. त्याला खंदक दिसतच नाही, फक्त पलीकडचा गोरिला दिसतो.

१९८६ साली इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात पाच वर्षांचा मुलगा गोरिलांच्या आवारात पडला, तेव्हा जाम्बो नावाचा नर त्याच्याजवळ पहारा दिल्यासारखा बसला आणि मुलगा वाचला. २०१६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचा मुलगा खंदकात पडला, त्या वेळी हरांबे या गोरिलाला गोळी घालावी लागली. दुसऱ्या घटनेत मूल वाचलं, प्राणी गेला. कठड्यापाशी हात धरणं हे दोघांसाठीही आहे.

माकडांसमोर रोखून बघणं ही त्यांच्या भाषेत धमकी असते आणि दात दाखवणं हे हसू नसतं. काचेवर टकटक नको.

खारूताई
हरवण्याचं राहिलं. निघताना फाटकाशी दोन्ही मुलांचा उभा फोटो काढा, त्या दिवशीचे कपडे आणि बूट दिसतील असा. शोधाशोधीत "निळा की हिरवा शर्ट" कोणालाच आठवत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला फोन नंबर बॉलपेनने लिहा, घामाने पुसट झाला तर दुपारी पुन्हा गिरवा. पिशवीवर बाहेरून नाव लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं.

मोठ्याला शिकवा: हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब आणि गणवेशातल्या माणसाला किंवा लहान मुलं बरोबर असलेल्या बाईला सांग. तुमचं काम: एकाने त्याच जागी थांबायचं, दुसऱ्याने आधी पाणवठ्याकडे आणि मग फाटकाकडे. गप्प शोधू नका, मोठ्याने वर्णन ओरडा: "पाच वर्षांचा मुलगा, लाल टोपी, पिवळे बूट!" पन्नास अनोळखी डोळे एका क्षणात कामाला लागतात.

दोनपिल्ली
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर परत येते. आतापर्यंतचं जुळवून हा प्लॅन:

उघडताच आत, वाघ, मग न थांबता टोकाला. तिथे जिराफ आणि हत्ती. परतीच्या वाटेवर पाणघोडा (आकडे मोजत), माकडं, सावलीत खाणं, मग साप, त्या वेळी धाकटं गाडीत झोपलेलं असेल. शेवटी शहामृग, कारण ते फाटकाजवळ आहे. शेळ्या-मेंढ्या वगळल्या. आजी टोकाला येणार नाहीत, त्या पाणघोड्याजवळच्या बाकावर बसतील आणि आम्ही परत येताना भेटू. खेळण्यांचं दुकान बाहेर पडायच्या वाटेवरच आहे, त्यावर तोडगा?

चाकंआणिझोळ्या
दुकान: आत शिरण्याआधीच, सकाळीच ठरवा की एक वस्तू आणि ती मुठीत मावणारी. दुकानात ठरवायला गेलात तर तुम्ही हरलात.

गाडी मात्र सापांच्या दालनात नेता येईल याची खात्री करा. बऱ्याच ठिकाणी पायऱ्या किंवा अरुंद फिरतं दार असतं. तसं असेल तर एक मोठं माणूस झोपलेल्यासोबत बाहेर, दुसरं मोठ्याबरोबर आत, मग अदलाबदल. मोठ्याला साप दोनदा बघायला मिळतील, त्याची तक्रार नसेल.

साबणपाणी
शेळ्या वगळल्यात ते बरं, पण मोठं मूल आयत्या वेळी हट्ट धरणार. तेव्हा बाहेरचा नळ कुठे आहे ते आधी बघा, मग होकार द्या.

पिंजऱ्यामागचा
प्लॅन चांगला आहे. दोन बदल. सापांच्या डोळ्यांना पापण्या नसतात, त्यामुळे मोठा "झोपलाय का?" विचारणारच. उत्तर: जीभ आत-बाहेर होत असेल तर जागा. आणि डोळे दुधाळ निळसर दिसले तर तो कात टाकायच्या बेतात आहे, आजारी नाही.

दुसरं, माकडं आणि खाणं यांचा क्रम बदला. आधी खाऊन घ्या, डबा बंद करून तळाशी घाला, मग माकडांकडे जा. खाण्याच्या वेळा आणि हत्तीची अंघोळ फलकावर लिहिलेली असते, पण ती बदलते, म्हणून तिकीट खिडकीवर विचारून घ्या.

उंटावरचा
आजींना बाकावर पाच मिनिटं मोजायला सांगा. पाणघोडा वर आला की त्यांनी फोन करायचा.